बदली येईपर्यंत

१

आमच्या घरी दिवे लावायची वेळ झाली की पहिलं काम म्हणजे दाराला आतून कुलूप घालायचं. चोरांसाठी नाही, आईसाठी. दिवसभर ती शहाण्यासारखी असायची. पालेभाजी निवडायची, टीव्हीवरच्या बायकांना नावं ठेवायची, मला कधी श्रुती म्हणायची तर कधी 'ओ बाई'. पण भांडुपच्या डोंगरामागे ऊन गेलं की ती खांद्याला पर्स लावून दाराशी येऊन उभी राहायची.

"बदली इली नाय गो अजून?" ती विचारायची. "माका घराक जावचा आसा."

"आई, तू घरीच आहेस."

"ह्यां घर? ह्यां ऑफिस!" आणि माझ्याकडे अशी बघायची, की वेड मलाच लागलंय.

आई, म्हणजे सुगंधा, अंधेरीच्या एका कंपनीत कॉम्प्युटर ऑपरेटर होती. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे एक अख्खी थंड खोली, आणि त्या खोलीत दिवसपाळीला आई. तिचे वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे बदली, साच्याजवळ येऊन उभा राहिल्याशिवाय आधीच्याने साचा सोडायचा नाही, हा गिरणीचा नियम. आजोबांनी गणपतीची आरती शिकवली नसेल एवढ्या निष्ठेने तो मुलीला शिकवला, आणि तिने तो अंधेरीच्या एसी खोलीत नेऊन पाळला. आता डोकं सगळं विसरलं, जेवलोय की नाही तेही विसरलं, पण नियम काही सुटला नाही.

सिद्धेशने, माझ्या नवऱ्याने, एकदा डोकं लढवलं. "आई, मी आलोय ना बदली. तुम्ही निघा."

आईने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुका मशीन येता?"

"एसीचं येतं," तो म्हणाला. त्याचा एसी दुरुस्तीचा धंदा आहे. आई तोंड फिरवून पुन्हा दाराशी उभी राहिली.

मी एकदा विचारलं, "घरी कोण आहे गं, एवढी घाई कसली?"

"तुझो बापूस. वाट बघीत बसलो आसतलो. माझ्याशिवाय जेवूचो नाय तो."

बाबांना जाऊन बरीच वर्षं झालीत. मी कुलपाची किल्ली ब्लाउजमध्ये खोचली आणि कुकर लावायला गेले. तिचं ते उभं राहणं मला बघवत नसे.

२

मी एका बँकेचे जुने प्रोग्रॅम सांभाळते. लोकांना वाटतं जुने कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेले. गेले, पण त्यांच्यावर लिहिलेलं अजून जिवंत आहे, आणि ते असेंब्ली नावाच्या भाषेत आहे. इथला आकडा उचल, तिथे ठेव, शून्य निघाला तर अमक्या ओळीवर जा, असं मशीनला अगदी हात धरून चालवायचं. सरावासाठी मी घरच्या पीसीवर एक एम्युलेटर घातला होता. एम्युलेटर म्हणजे आजच्या कॉम्प्युटरला जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम. तेव्हाचं खोलीभर धूड आता आमच्या डायनिंग टेबलच्या कोपऱ्यावर, लोणच्याच्या बरणीशेजारी मावत होतं.

एका संध्याकाळी मी काळ्या स्क्रीनवरच्या हिरव्या अक्षरांत डोकं घालून बसले होते. आई दाराशी. मग तिच्या चपला माझ्या मागे येऊन थांबल्या.

"ऊठ," ती म्हणाली. मालवणी नाही, स्वच्छ ऑफिसातलं मराठी. "कन्सोलवर कुणाला विचारून बसलीस?"

मी उठले. जी बाई सकाळी ब्लाउजचं बटण कसं लावायचं ते विसरली होती, तिने उशी ओढून खुर्चीवर घातली, बसली, आणि तिची बोटं कीबोर्डवर पडली. एक चूक नाही. मशीन काही विचारत होतं, ती उत्तर देत होती. कन्सोल म्हणजे तेच, मशीनने विचारायची आणि ऑपरेटरने उत्तर द्यायची जागा. मी मागे उभी राहून रडले, खोटं कशाला सांगू.

मग मशीनने टेप, म्हणजे माहिती साठवलेल्या फितीची मोठी गोल चकती, मागितला, आणि आई उठून टेप शोधायला लागली. आता खरा टेप कुठून आणू? मी स्वयंपाकघरातून स्टीलच्या डब्यांची गोल झाकणं आणली, त्यांच्यावर मार्करने एकपासून बारापर्यंत आकडे घातले. भिंतीवर किल्ल्यांचे तीन हुक होते, ते झाले टेप लावायचे ड्राइव्ह. आईला काडीचीही शंका आली नाही. 'टेप सात लावा' असं स्क्रीनवर आलं की ती सात नंबरचं झाकण हुकला अडकवायची आणि परत बसून उत्तर टाइप करायची.

त्यासाठी मी असेंब्लीत छोटा प्रोग्रॅम लिहिला. अडचण एकच होती. तेव्हा जे काम दिवसभर चालायचं, ते आजच्या पीसीवर डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं. म्हणून मी त्यात मुद्दाम थांबे घातले. एक टेप मागायचा आणि आई सावकाश उठून येईपर्यंत थांबायचं. मशीनला मी वाट बघायला शिकवलं.

घरातल्या डब्यांना झाकणं उरली नाहीत, साखरेला मुंग्या लागल्या, पण दाराचं कुलूप निघालं.

३

पहिला चुकीचा टेप आला तेव्हा मी कोलंब्या सोलत होते. झाकण अडकवल्याचा आवाज मला पाठ झाला होता, स्टीलवर लोखंडाचा छोटा टण्. त्या दिवशी आई उठली, पण माझ्या झाकणांच्या चळतीकडे गेलीच नाही. ती सरळ स्वयंपाकघरात आली, ओट्याखाली वाकली, आणि पार मागे हात घालून एक झाकण ओढून काढलं. त्याच्यावर कित्येक वर्षांची धूळ होती. पदराने पुसून ती घेऊन गेली.

टण्.

मी हात धुऊन बाहेर आले. स्क्रीनवर आधीची ओळ तशीच होती. मोठ्या इंग्रजी अक्षरांत, टेपच्या नंबराच्या जागी एक नाव होतं: नीलम. आईने उत्तर दिलेलं होतं आणि मशीन पुढे चाललं होतं.

मी प्रोग्रॅम उघडून ओळ न् ओळ बघितली. त्यात बारा आकडे होते. नाव कुठेच नव्हतं. मग मी हुकवरचं झाकण हातात घेतलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून देतात ना, तसं त्याच्यावर बारीक टिंबाटिंबांत कोरलेलं होतं: 'सुगंधास लग्नाबद्दल, नीलम.'

"आई, नीलम कोण?"

"काढू नकोस ते," ती स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली. "चालू आहे."

मी स्वतःची समजूत घातली. आईनेच कधीतरी ते नाव टाइप केलं असणार, प्रोग्रॅमने पुढे उचललं असणार. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, माणसं विसरतात. वीस वर्षं मी हेच वाक्य सांगून पगार घेतेय. झाकण मी परत हुकला अडकवलं. ते गार असायला हवं होतं, ओट्याखालून आलेलं. ते कोमट होतं, कुणी बराच वेळ हातात धरल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी आईच्या शेजारीच बसले. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. तेव्हा ओळ उमटली, इंग्रजी अक्षरांत मराठी:

नीलम: निघाले. थांब.

"थांबते," आई मोठ्याने म्हणाली आणि हसली. ते हसू मी ओळखत नव्हते. ते माझ्या जन्माच्या आधीचं होतं.

४

आईच्या ऑफिसातला एकच माणूस मला माहीत होता, चेंबूरचे शिवदासकाका. रात्रपाळीचे ऑपरेटर. दिवाळीला अजून फोन करतात. मी त्यांना फोन लावला.

"नीलम? अगं आमच्या कॉलनीतली पोरगी. तुझ्या आईची बदली ती. ही दिवसपाळी, ती संध्याकाळची, आणि मग मी. झकास जोडी होती दोघींची. पण गंमत बघ, एक बसली की दुसरी निघाली! दोघींनी एकत्र कटिंग चहा घेतला असेल तर शपथ. जे काय बोलायच्या ते खुर्ची सोडता-धरता. नाहीतर कन्सोलवर एकमेकींना निरोप टाकून ठेवायच्या."

"खुर्ची सोडता-धरता म्हणजे?"

"आता बघ, मशीन एक मिनिटसुद्धा माणसाशिवाय ठेवायचं नाही. येणाऱ्याने आपलं नाव टाइप करायचं, की चार्ज त्याच्याकडे. मग जाणाऱ्याने उठायचं. तुझी आई तर त्या बाबतीत हवालदार होती, काय सांगू!"

"मग नीलमचं काय झालं?"

"कावीळ झाली. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी ती आली नाही. तुझी आई बसून राहिली. मी रात्री गेलो, म्हटलं मॅडम, उठा, मी आलो. तर म्हणते, मधली पाळी नीलमची आहे, मी चार्ज तिलाच देणार. सकाळपर्यंत बसली गं ती. शेवटी साहेबांनी मशीनच बंद केलं, तेव्हा उठली. नीलम त्याच आठवड्यात गेली."

"म्हणजे आईने चार्ज..."

"दिलाच नाही. नीलमची पाळी काय, ती तशीच राहिली."

फोन ठेवला आणि मी आईकडे बघितलं. ती झाकणं नंबरवार लावत होती. चाळीस वर्षं ही बाई संसार करत होती, मला वाढवत होती, बाबांचं आजारपण काढत होती, आणि तिच्या आत कुठेतरी ती खुर्ची सुटलेलीच नव्हती. मला तिची एवढी माया आली की मी जाऊन तिला मागून मिठी मारली.

"काय गो?" ती म्हणाली. "बदली इली?"

त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली. बदली आली की आई निघणार. आणि घरी कोण वाट बघतंय, ते तिने मला आधीच सांगितलं होतं.

५

मी पीसी बंद करून त्याच्यावर टेबलक्लॉथ टाकला.

"काय झालं?" सिद्धेशने विचारलं. मी सांगितलं. तो हसला नाही, पण त्याने माझं कपाळ हात लावून बघितलं. "श्रुती, तुला झोप नाही यार. तू लिहिलेल्या प्रोग्रॅमला तूच घाबरतेस?"

"मी नाही लिहिलं ते."

"मग कुणी लिहिलं? माझ्या एसीने?"

आईची मात्र वाट लागली. पुन्हा दार, पुन्हा कुलूप. आता ती नुसती उभी राहायची नाही, दारावर हात आपटायची. जेवण तोंडात धरून बसायची. पाय सुजले. "मशीन कित्याक बंद केलंस?" म्हणून लहान मुलासारखी रडायची. "ती येयत आणि खुर्ची रिकामी बघीत."

शेवटी सिद्धेशच म्हणाला, "चालू कर ते. काय येईल ते येईल. हिचे हाल बघवत नाहीत."

मी इंटरनेटची वायर काढून टाकली. माझा जुना प्रोग्रॅम पुसला आणि कोरा लिहिला, त्यात फक्त आकडे. पीसी चालू केला. आई डोळे पुसून खुर्चीत बसली. मशीनने टेप तीन मागितला, टेप नऊ मागितला. मी श्वास सोडला.

मग ओळ आली.

नीलम: गेटवर आले. मशीन का बंद होतं?

आईने माझ्याकडे बोट दाखवून टाइप केलं: पोरीने केलं. लहान आहे.

मी एक्केचाळीस वर्षांची आहे. तरी ते वाचून मला रडू आलं, आणि हसूही. रात्री अंथरुणात पडल्यावर मला युक्ती सुचली. सगळा खेळ नियमावर चाललाय ना? मग नियम मलाही कळला होता. बदली म्हणून जो नाव टाइप करील, चार्ज त्याचा. सिद्धेशला मशीन येत नव्हतं, मला येत होतं. नीलमच्या आधी मी बसायचं. आईला म्हणायचं, ऊठ, पाळी संपली, जेवून घे. ती घरी येईल, पण या घरी. माझ्या घरी.

६

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले. भाताची पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर करून ठेवली, आईची आवडती. ऊन डोंगरामागे गेलं. शेजारच्या घरात आरतीची घंटा वाजली आणि थांबली.

मी खुर्चीच्या अगदी पाठीशी उभी होते. हुकवर तीन झाकणं होती, मधलं नीलमचं. पंखा बंद होता. तरी मधलं झाकण हलायला लागलं, दार उघडल्यावर वाऱ्याने हलावं तेवढंच. दार बंद होतं. बाहेर जिन्यात चपला वाजल्या. वर येणाऱ्या, घाईच्या, पोरसवदा.

नीलम: आत येऊ?

आईचे हात कीबोर्डकडे गेले. मी ते धरले. किती हलके झाले होते ते. वाकून मी माझं पूर्ण नाव टाइप केलं आणि बटण दाबलं.

मशीनने ते मान्य केलं. ऑपरेटर: श्रुतिका.

आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. कित्येक महिन्यांत तिने मला असं, पूर्ण, बघितलं नव्हतं.

"श्रुती," ती म्हणाली. "तू इलंस? बरा झाला गो. केव्हाची बसलंय हय."

"मी आले ना आता. तू ऊठ."

ती उठली. मग ऑफिसातल्या आवाजात मला चार्ज दिला. तीन टेप लावलेत. कागद घातलाय. मशीनजवळ चहा आणायचा नाही. "आणि भियां नको," तिने शेवटी मालवणीत सांगितलं, आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मी खुर्चीत बसले. उशी कोमट होती.

सिद्धेशने तिला पेज भरवली. मला सगळं ऐकू येत होतं. वाटीत चमचा वाजत होता, आणि आई म्हणत होती, "मीठ बराबर पडलाहा." नंतर तो तिला आत घेऊन गेला, पलंग करकरला. जिंकले, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं.

तेव्हा ओळ उमटली. नेहमीपेक्षा सावकाश, एक एक अक्षर.

नीलम: तू बसलीस ते बरं झालं. मला बसावं लागलं असतं. आता आम्ही दोघी बरोबरच निघतो.

मी ती दोनदा वाचली. जिन्यात पुन्हा चपला वाजल्या. या वेळी उतरणाऱ्या, दोन जोड, आणि मध्येच कुणीतरी खुदकन हसलं. मला उठून दार उघडायचं होतं. पण मशीनने टेप मागितला होता, आणि खुर्ची रिकामी ठेवायची नाही. तिथूनच मी खिडकीकडे वळून बघितलं. ग्रिलमधून गेटचा एवढासा तुकडा दिसतो, चहाच्या टपरीसमोरचा. तिन्हीसांजेच्या त्या उजेडात दोन बायका टपरीपाशी थांबल्या होत्या, पाठमोऱ्या. एकीच्या दोन वेण्या होत्या. दुसरीच्या खांद्याला पर्स होती, आणि आई खांदा किंचित वर उचलून चालते, तशी ती उभी होती. दोघींच्या हातात चहाचे ग्लास होते.

"श्रुती," सिद्धेशने आतून हाक मारली. नुसतं नाव, आणि मग काहीच नाही.

७

आई झोपेत गेली. डॉक्टर म्हणाले, असं मरण भाग्यानेच येतं. लोक आले, रडले, चेहरा किती शांत आहे म्हणाले. शिवदासकाका चेंबूरहून आले आणि हात जोडून बराच वेळ उभे राहिले. मी त्यांना काही सांगितलं नाही. पर्स आम्ही सगळीकडे शोधली, ओट्याखालीसुद्धा. ती मिळाली नाही. टपरीवाल्याला मी विचारायला गेले होते, पण त्याच्यासमोर उभी राहून नुसता चहा घेतला आणि परत आले. मला उत्तर नको होतं.

मला दुःख आहे, पण खरं सांगते, पूर्ण नाही. चाळीस वर्षं राहिलेला चहा दोघींनी घेतला. तो मी घेऊ दिला, चुकून का होईना. आईला मी धरून ठेवायला बसले होते, आणि तिची सुटका करून बसले. ती जाताना मला ओळखून गेली. एवढं पुष्कळ आहे.

फक्त दिवेलागण झाली की मला स्वयंपाकघरात थांबवत नाही. मी उशी घेऊन पीसीसमोर बसते. प्रोग्रॅम मी केव्हाच पुसून टाकलाय, तरी मशीन टेप मागतं. मी उठते, झाकण अडकवते, परत बसते. उत्तर देते. वर एका कोपऱ्यात ओळ असते, ऑपरेटर: श्रुतिका. ती मी बदलून बघितली. बदलत नाही.

काल सिद्धेश ताट वाढून हाका मारत होता. शेवटी तो माझ्यामागे येऊन उभा राहिला आणि खांद्यावर हात ठेवला. "बंद कर गं आता ते. चल, जेवून घेऊ. मी थांबलोय तुझ्यासाठी."

"तू जेव," मी म्हटलं. "माझी बदली आली नाही अजून."

त्याचा हात खांद्यावरून निघाला. थोड्या वेळाने मला दाराला आतून कुलूप घातल्याचा आवाज आला.